कणसाचा पहिला घास

लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला आमच्या घरी साप आला. आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप, आपल्या धामणीसारखाच उंदरांवर जगणारा. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे सापडायचा म्हणून हे नाव पडलं असं काही जण सांगतात. पोटाखालच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून, असं बाकीचे. लेकीला दुसरं कारण पटलं आणि तिने नाव ठेवलं कणीस. पेन्सिलीपेक्षा बारीक, केशरी अंगावर तांबडे डाग, वजन साडेसहा ग्रॅम.

पुढचे सदतीस दिवस कणसाने काही खाल्लं नाही. त्या दिवसांत जे चुकत-माकत शिकले ते लिहून ठेवते आहे. कुणाच्या घरी असंच उपाशी पिल्लू असेल तर त्यांचे काही दिवस तरी वाचतील.

१. ‘खातोय’ एवढ्यावर पिल्लू घरी आणू नका.

विकणाऱ्याने सांगितलं, ‘खातोय.’ आम्ही मान डोलावली. काय खातोय, किती वेळा खाल्लं, जिवंत की गोठवलेलं, शेवटचं कधी, यातलं काहीच विचारलं नाही. आता मी नोंदवही मागते. गोठवून पुन्हा ऊब दिलेलं उंदराचं पिल्लू निदान तीनदा आपणहून खाल्लेलं असेल तरच ते सापाचं पिल्लू नवख्या घराचं. अंड्यातून आल्यावर आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकेपर्यंत ही पिल्लं सहसा खातच नाहीत. पोटातल्या बलकावर निभतात. त्यामुळे फार कोवळं पिल्लू कधीच जेवलेलं नसण्याची शक्यता असते, आणि ते बघून कळत नाही.

२. आणल्या दिवशी खायला घालू नका. पहिला आठवडा हातही लावू नका.

ही माझी सगळ्यात मोठी चूक. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, बत्तीस शिराळ्याजवळ. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग ताट. लहान पोर जेवत नसेल तर त्याच्या मागे वाटी घेऊन अंगणभर फिरायचं. मी तेच केलं. पहिल्या रात्री, तिसऱ्या रात्री आणि सहाव्या रात्री चिमट्यात उंदराचं पिल्लू धरून कणसाच्या तोंडासमोर नाचवलं. ते दर वेळी मान आखडून मागे सरकलं आणि तिसऱ्यांदा चिमट्यावरच धावून गेलं. लेक म्हणाली, “आई, ते घाबरलंय गं.” तिला पहिल्या रात्रीच कळलं होतं.

साडेसहा ग्रॅमच्या जिवाला रानात पक्षी खातो, मोठा साप खातो. वरून येणारी मोठी सावली त्याला भक्षकच वाटते. घास आणणारा हात असतो हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही, कारण या सापांत आई अंडी घालून निघून जाते. भरवणं ही गोष्टच त्यांच्या जन्मात नाही. हे समजायला मला तीन आठवडे लागले आणि समजल्यावर वाईटही वाटलं.

३. काचेवर चिकटवलेल्या तापमापकावर विश्वास ठेवू नका.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पचन बाहेरच्या उबेवर चालतं. गारठ्यात खाल्लेलं पोटात कुजेल, म्हणून गार अंगाचा साप तोंडच उघडत नाही. आमच्या पेटीच्या काचेवरची पट्टी २९ अंश दाखवत होती. अठराव्या दिवशी मी वायरवाला डिजिटल तापमापक आणून त्याचं टोक जमिनीवर, कणीस झोपायचं तिथे ठेवलं. २३ अंश. ऑक्टोबरच्या रात्री ते आणखी उतरत असणार. इतके दिवस आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो आणि ते गारठलेलं होतं.

एका टोकाला २९ ते ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २३-२४, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. ऊब देणारी हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावू नये; ती तापत राहते आणि पोटाखालून भाजते.

४. पेटी लहान करा.

आम्ही हौसेने मोठी काचेची पेटी आणली होती आणि ती बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवली होती. इथल्या एका वयस्कर गृहस्थांनी, ज्यांनी आयुष्यभर साप वाढवले, ती पाहून एवढंच विचारलं, “तुम्हाला एकट्याला रेल्वे स्टेशनावर झोप लागेल का?” त्याच संध्याकाळी चपलेच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा घेतला, हवेसाठी भोकं पाडली. खाली कागदी रुमाल, दोन्ही टोकांना अंग चिकटेल इतक्या लहान लपायच्या जागा, पाण्याची वाटी. डबा लेकीच्या कपाटातल्या शांत खणात गेला. पेटीत कणीस रात्रभर काचेला नाक घासत फिरायचं. डब्यात पहिल्याच दिवशी वेटोळं घालून बसलं.

५. दिवस मोजू नका, ग्रॅम मोजा.

माझी आई फोनवर रोज दिवस मोजायची. “आज किती झाले? पंधरा? अगं, लेकरू उपाशी आहे आणि तुम्हाला झोप कशी लागते?” मलाही लागत नव्हतीच. पण सापाचं पोट आपल्या घड्याळावर चालत नाही; धडधाकट पिल्लू काही आठवडे उपाशी राहू शकतं. खरं काय चाललंय ते वजन सांगतं. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा दशांश दाखवणारा लागतो. आठवड्यातून एकदाच, झाकणाच्या डबीत ठेवून. आमच्या वहीत साडेसहा, मग ६.२, ६.०, ५.९ आणि एकतिसाव्या दिवशी ५.७ असं आहे. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली की थांबू नये, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जावं. आम्ही त्याच दिवशी गेलो.

डोळे निळसर दुधाळ दिसत असतील तर मात्र वाट पाहा. कात टाकायची वेळ आलेली असते, आणि तेव्हा बहुतेक साप खात नाहीत.

६. घास नीट तयार करा.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. जन्मून दिवसही न झालेली, केस न आलेली, गुलाबी उंदराची पिल्लं (इथे त्यांना पिंकी म्हणतात) फ्रीजरमध्ये ठेवायची या विचाराने मी दोन रात्री अस्वस्थ होते. शेवटी मनाशी एवढं ठरवलं की साप घरात आणला ती जबाबदारी माझी, त्यामुळे त्याचं अन्नही माझं. वेगळा डबा, वेगळा चिमटा, आणि दर वेळी साबणाने हात. सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे प्राणी आणूच नयेत.

पिंकी रात्री पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये उतरवायची, दुसऱ्या संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात धरायची. मायक्रोवेव्ह मुळीच नाही. आत शिजते, फुटते. द्यायच्या आधी बोटाला उबदार लागली पाहिजे, जिवंत अंगाइतकी. ओली असेल तर टिपून घ्यावी. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच.

७. जीभ काय सांगते ते पाहा.

साप जिभेने हवेतला वास वेचतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाला देतो. खायचं की नाही हे बहुतांशी तिथे ठरतं. रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं सुरुवातीला लहान सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. म्हणजे काही पिल्लांना उंदराचा वास अन्नाचा वाटतच नाही. हे वाचलं त्या रात्री मला कणसाचा अजिबात राग आला नाही. लहानपणी ज्याने भाकरीच पाहिली, त्याच्यापुढे मी रोज अनोळखी ताट ठेवत होते.

मग क्रमाने एकेक करून पाहिलं, दोन प्रयत्नांमध्ये पूर्ण सात दिवसांचं अंतर ठेवून. चोविसाव्या दिवशी वास नसलेल्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळलेली पिंकी. जीभ खूप हलली, तोंड उघडलं नाही. एकतिसाव्या रात्री पिंकीच्या डोक्याला सुईने भोक पाडून, आतला वास बाहेर येईल अशी. हे करताना हात थरथरतो, पण पुष्कळ पिल्लं यानेच खायला लागतात. कणसाने तोंडात धरली आणि सोडून दिली. आम्हा दोघींना रडू आलं, कारण ते इतक्या जवळ आलं होतं.

शेजारच्या मुलाकडे पाळलेला अनोल होता, हिरवा, बोटाएवढा सरडा. त्याने टाकलेली कात आम्ही मागून आणली, पाण्यात भिजवली आणि धुतलेल्या पिंकीवर चोळली. रानातला सरडा पकडून आणू नका, त्याच्या अंगावरचे आणि आतले परजीवी सापाला लागतात. अडतिसावी रात्र. छोट्या झाकणाच्या डबीत कणीस आणि पिंकी, डबी उबेच्या बाजूला, वर फडकं, खोलीत अंधार. लेकीला दाराबाहेर काढलं आणि मीही बाहेर बसले.

सकाळी सहाला फडकं काढलं. डबीत पिंकी नव्हती. कणसाच्या अंगाच्या मधोमध एक गाठ होती.

८. जबरदस्ती हा डॉक्टरांचा निर्णय.

तोंड उघडून घास आत सारणं मला एकतिसाव्या दिवशीच हवं होतं. डॉक्टरांनी तोंड, पोट, विष्ठा तपासली, काही दुखणं नाही म्हणाल्या आणि आणखी दोन आठवडे दिले. जबड्याला इजा होते, घास श्वासाच्या वाटेत जाऊ शकतो आणि घाबरलेलं पिल्लू अन्नाला आणखी भितं. त्यांनी त्या दिवशी मला थोपवलं याबद्दल मी कायम त्यांची ऋणी आहे.

९. खाल्ल्यावर पुन्हा काहीच करू नका.

पूर्ण अठ्ठेचाळीस तास हात नाही, वजन नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही. ओकलं तर दहा-चौदा दिवस थांबून आणखी लहान घास. आमचं नीट पचलं. सहाव्या दिवशी दुसरी पिंकी, तेवढीच. ‘आता भरपाई’ म्हणून दोन नाहीत. सरड्याच्या कातीचा वास दर वेळी थोडा कमी केला. सातवी पिंकी नुसती उंदराची होती आणि तीही गेली.

१०. साप दूध पीत नाही.

हे आईसाठी. नागपंचमीला माहेरी आम्ही नागाला भाऊ मानून पूजायचो. त्या दिवशी आई काही चिरायची नाही, तवा ठेवायची नाही. तिने फोनवर दुधाचं विचारलं तेव्हा मी सांगितलं की गारुडी नागाला आधी तहानलेलं ठेवतात म्हणून तो दुधाला तोंड लावतो, आणि ते त्याला पचत नाही. ती बराच वेळ गप्प होती. भारतात आपले साप पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी धामणीचं पिल्लू घरी आणू नये.

उन्हाळ्यात आई इकडे आली. एका संध्याकाळी लेकीने चिमट्याने डब्यात पिंकी ठेवली आणि तिघी बघत राहिलो. कणीस आलं, जीभ हलली, थांबलं. आई दोन मिनिटं वाकून पाहत होती. मग काही न बोलता उठली, खोलीतला दिवा मालवला आणि आम्हा दोघींना दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.