कपाशीचा मर रोग आणि बियाण्यातील प्रतिकारशक्ती

ऐन पावसाळ्यात शेतातील एखादे कपाशीचे झाड पिवळे पडते, पाने गळू लागतात आणि ते उभ्याउभ्या वाळते. खोड चिरले असता आत तपकिरी-काळपट रेषा दिसतात. हाच मर रोग होय. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळावाटे झाडाच्या जलवाहिन्यांत शिरते. ती जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते. त्यामुळे फवारणीने साधत नाही, उपाय बियाण्यातच शोधावा लागतो.

प्रतिकारक झाडात बुरशी शिरतच नाही, असे नाही. मात्र शिरकाव होताच त्याच्या जलवाहिन्यांत चिकट पदार्थ साचून वाट बंद होते आणि सरकीतील गॉसिपॉलच्या जातकुळीची, बुरशीला घातक अशी द्रव्ये तयार होतात. रोगाला बळी पडणाऱ्या झाडातही हे घडते, पण उशिरा. ही तत्परता जनुकांवर अवलंबून असते.

आपल्याकडे या रोगाने मुख्यतः देशी कपाशीला ग्रासले. अमेरिकन कपाशी येथील बुरशीपासून बहुतांशी बचावली. १९४० च्या दशकात भारतात झालेल्या अभ्यासात देशी कपाशीच्या प्रतिकारशक्तीमागे तीन जनुके असल्याचे आढळले. दोन परस्परपूरक, तर तिसरे त्यांच्या कार्यात अडथळा आणणारे. निरोगी झाडाच्या संततीतही मर का दिसावी, याचा उलगडा येथे होतो. म्हणूनच पैदासकार मुद्दाम रोगट केलेल्या मातीत बी पेरून तगलेल्या झाडांची पिढ्यान् पिढ्या निवड करीत. खानदेशातील ‘जरिला’ आणि भडोच भागातील ‘विजय’ हे अशा प्रतिकारक वाणांपैकी होत. ही परीक्षा टाळून केवळ रुईच्या उताऱ्यावर वाण निवडणे धोक्याचे ठरते.

भारतातून प्रथम नोंदला गेलेला या बुरशीचा चौथा वंश २००१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आढळला. तेथील लांब धाग्याची पिमा कपाशी त्याला बळी पडली. ‘पिमा एस-६’ या वाणात मात्र प्रतिकारशक्ती मिळाली आणि ती मुख्यतः एकाच प्रभावी जनुकाची असल्याचे दिसून आले.

बीटी कपाशीतील जनुक बोंडअळीसाठी आहे, मर रोगासाठी नव्हे. हा गैरसमज अद्याप आढळतो. तसेच दीर्घ उघडिपीनंतर जोराचा पाऊस पडून बोंडांनी लदलेली झाडे एकाएकी माना टाकतात, ती ‘आकस्मिक मर’ बुरशीची नसते. अशा झाडाचे खोड चिरल्यास काळपट रेषा दिसत नाहीत. तेथे बुरशीनाशकावर खर्च करण्यापेक्षा साचलेले पाणी तातडीने चर काढून बाहेर काढावे.