टोळी हलते तेव्हा

अगं, जूनमध्ये नातू हसत शाळेत गेला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आपल्या वाशी-भूमकडच्या ऊसतोडीच्या घरातलं लेकरू शाळेत दोनदा बसतं. एकदा जूनमध्ये, आई-बाप दारात असताना. दुसऱ्यांदा दिवाळीच्या आगेमागे, टोळी सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात गेल्यावर.

माझ्या थोरल्या नातवाला झोपेत ठेवून लेक-सून रात्रीच ट्रॅक्टरमध्ये बसली. जागा झाला तर रडेल म्हणून. सकाळी त्यानं गोठा, माळवद, शेजारची घरं, सगळं धुंडाळलं. पुढं पंधरा दिवस माझा पदर त्याच्या मुठीत. शाळेच्या दारात सोडलं की किंचाळायचा. शाळेचं भय नव्हतंच त्याला. आपण वर्गात बसलो की म्हातारीपण निघून जाईल, ह्याचं होतं. म्हणून धाकट्याच्या वेळी मी हट्टच धरला, सामान त्याच्या डोळ्यांदेखत चढवा. पेटी, पाण्याचे ड्रम, कोयते, सगळं त्यानं बघितलं. एक बोचकं स्वतः उचलून दिलं. ट्रॅक्टर वळल्यावर पोटभर रडला. रडू द्यावं, गप्प बस म्हणू नये. दुसऱ्या दिवशी शाळेत गेला.

गुरुजींना टोळी हलायच्या आधीच भेट. सही कुणाची, निरोप कुणाला, हे सांगून ये. हंगामी वसतिगृहासाठी नावही तेव्हाच दे. सकाळ-संध्याकाळचं जेवण गावातच मिळतं, मग लेकराला फडावर न्यायची वेळ येत नाही. फडावर जन्मलेल्या लेकराचा दाखला नसतो, म्हणून कुणी अडवलं तर घाबरू नकोस. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

तुझा नातू दोन हंगाम ऊसतोडीवर, कोपीत राहिलाय ना, हेही गुरुजींच्या कानावर घाल. तिथं माणसं पहाटे तीनला उठतात, लेकरंही उठतात. असं पोर दहा वाजता वर्गात पेंगतं, ते आळशी नसतं. मोळ्या मोजायला सांगा म्हणावं. अंक गिरवता येत नसला तरी मोजणी त्याला येते.

फोन संध्याकाळी, जेवल्यावर. सकाळी आईचा आवाज ऐकला की दप्तर खाली पडतं.

वर्गातली पोरं विचारणारच, तुझी आई कुठाय? त्याला उत्तर पाठ करून दे: ऊस तोडायला गेलीय, कारखान्याचा पट्टा पडला की येईल. मान वर करून सांगायला शिकव.

मात्र यायची तारीख सांगू नकोस. कारखाना पंधरा दिवस लांबला की लेकराच्या लेखी तू खोटी ठरतेस. मी सांगायचे, कैऱ्या मोठ्या झाल्या की येतील. शाळेतून येताना माझा नातू रोज आंब्याखाली थांबायचा, वर बघायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, अजून मोहरच आहे, आजी.