वाटेवरची धामण

माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते. आषाढातल्या पावसाने बिळांत पाणी शिरते व साप वर येतात. एका वारीत पहाटे आमच्यापुढे बांधावरून धामण आडवी गेली. एका माळकऱ्याने काठी उगारली आणि आम्हीही घाबरून "मारा" म्हणून बसलो. तोच एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "माउली, थांबा. ती उंदीर खाते, आमचं धान्य राखते." धामण निघून गेली, लाज मात्र आमच्यापाशी राहिली.

धामण बिनविषारी. महाराष्ट्रात जिवावर बेतणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. तेही बहुधा पाय पडला किंवा डिवचले तरच चावतात. म्हणून अंधारात दिवा धरावा, गवतात पाहून पाऊल टाकावे. दंश झालाच तर जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अवयव न हलवता माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.

नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजल्याची कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. त्या कथेची परीक्षा अशा वाटेवरच होते. आम्ही त्या पहाटे नापास झालो. तुम्ही होऊ नका.