साल वेगळं, बोजारा वेगळा

अवं बहिणाबाई, फोनवर तू चिडून म्हणालीस ना, "जहाजाचं एवढं तिकीट भरल्यावर वर हे टिपचे पैसे कशाचे?" तेव्हा मी मुद्दामच विषय बदलला. तुमचा स्पीकर चालू होता आणि जवाईबापू शेजारी बसले होते. आता निवांत ऐक. पोरगा अमेरिकेहून बोलावतोय, मायामीवरून सात रात्रींची क्रूझ आहे, तू, जवाईबापू, पोरगा, सून आणि नातू, सगळे एकाच जहाजावर. तिथे पैशांवरून तोंडं वाकडी झाली तर रुसून माहेरी यायला मधे समुद्र आहे.

आधी आकडाच बघू, कारण तुझा राग आकड्यावरच आहे. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत २०२५ मध्ये साध्या खोलीतल्या माणसामागे दिवसाला साडेअठरा डॉलर लागत होते, नॉर्वेजियनमध्ये वीस. माणसामागे हं, खोलीमागे नाही. आणि नातवाचेही धर, कारण लहान पोट्ट्यांना सगळीकडे सूट नसते. साडेअठरा गुणिले पाच माणसं गुणिले सात दिवस, झाले ६४७ डॉलर आणि वर अर्धा. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी पंचावन्न हजार. आपल्या सौंसरात एवढ्यात काय काय होतं ते मला नको सांगू, मी शेजारच्या पांढुर्ण्यातच राहते.

पण हे पैसे कोणाचे आहेत ते आधी समजून घे. पोळ्याला आपला गडी बैलजोडी घेऊन दारोदार जातो, बाया बैलांना ओवाळतात आणि त्याच्या हातावर बोजारा ठेवतात. तो झाला खुशीचा पैसा. कोणी दहा देतं, कोणी पन्नास. पण त्याचं साल, म्हणजे वर्षाची मजुरी, गुढीपाडव्यालाच ठरलेलं असतं, त्याला कोणी हात लावत नाही. "यंदा बोजारा चांगला मिळाला ना, मग सालातले दोन हजार कापतो," असं आपल्या बाबांनी कधी म्हटल्याचं आठवतं का तुला? जहाजावर बिलात आपोआप लागणारी ही ग्रॅच्युइटी नावाला बक्षिसी आहे, पण खरं बघशील तर ते त्या पोरांचं साल आहे. कंपनी पगार कमी ठेवते आणि उरलेलं प्रवाशांच्या खात्यातून काढते. तो पैसा एका पोराच्या खिशात जात नाही. तो एकत्र जमतो आणि मग खोली आवरणारा, जेवण वाढणारा, त्याचा मदतनीस आणि पुष्कळ ठिकाणी तुला कधी न दिसणारे खालचे लोकही, म्हणजे चादरी धुणारे, भांडी घासणारे, असे सगळ्यांत वाटला जातो.

पूर्वी असं नव्हतं. शेवटच्या रात्री लिफाफे द्यायची पद्धत होती. खोलीवाल्याला एक, वाढप्याला एक, त्याच्या मदतनीसाला एक, वरच्या मुकादमाला एक. रोज त्याच टेबलावर, त्याच वाढप्याच्या हातचं जेवायचं, म्हणून कोणाला द्यायचं हा प्रश्नच नसे. काही बहाद्दर शेवटच्या रात्री त्या टेबलाकडे फिरकतच नसत म्हणे, लिफाफा वाचवायला! मग २००० साली नॉर्वेजियनने 'फ्रीस्टाइल' आणलं, वाटेल त्या हॉटेलात, वाटेल त्या वेळी जेवा. रोज वाढपी वेगळा, मग लिफाफा कोणाच्या हातात ठेवणार? तेव्हा रोजचा ठरलेला आकडा खात्यात टाकायची रीत फोफावली, आणि आता बहुतेक मोठ्या कंपन्यांत तेच चालतं.

तुझ्या घरचे वकीलसाहेब, म्हणजे जवाईबापू, यावर काय बोलतील ते मला पाठ आहे. "हे बेकायदा आहे, सरकारने बंद केलंय!" त्यांचं अर्धं बरोबर आहे. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. नागपूरच्या हॉटेलात कोणी लावला तर त्यांनी खुशाल काढायला लावावा, मी टाळ्या वाजवीन. पण मायामीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजाच्या शेपटाकडे झेंडा बहुधा असतो बहामाचा नाही तर पनामाचा. आपला कायदा तिथे चालत नाही, आणि अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदाही त्या वाढप्याच्या कामाला येत नाही. कंपन्यांनी हे झेंडे हौसेने लावलेले नाहीत. तिकीट स्वस्त दाखवायचं आणि पगाराचा भार बिलाच्या खालच्या ओळीत सरकवायचा, ही चलाखीच आहे, मला ती मुळीच पटत नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने २०१९ मध्ये ही वेगळी ओळच काढून टाकली आणि सगळं तिकिटात घेतलं, म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

पण तुझा राग कंपनीवर आहे ना? मग तो त्या राबणाऱ्या पोरांवर का काढतेस? बऱ्याच कंपन्यांत रिसेप्शनवर जाऊन ही रक्कम कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते. आपल्याकडच्या मंडळींत ही गोष्ट मोठ्या हुशारीची म्हणून एकमेकांना सांगतात, कानाला लागून, जणू सरकारी योजनाच आहे. तू ते करू नको. जवाईबापू त्या खिडकीच्या रांगेत दिसले तर त्यांना नातवाच्या मागे पळायला पाठव. काढलेली रक्कम कंपनीच्या तिजोरीतून जात नाही, त्या वाटणीतून जाते.

आणि ती पोरं काय काम करतात ते बघ. जहाजी कामगारांसाठी जागतिक करार आहे, २००६ चा, भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात चोवीस तासांत निदान दहा तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती द्यायची, असं लिहिलंय. उलटं मोज. म्हणजे दिवसाला चौदा तासांपर्यंत काम चालतं! सहा-सात, आठ-नऊ महिने घरापासून लांब, आणि त्यात रविवार असा नाहीच. मी लेकीसोबत क्रूझला गेले होते तेव्हा आमची खोली आवरणारा पोरगा सकाळी आम्ही नाश्त्याला जायच्या आत दारात, आणि रात्री पांघरूण नीट करायला परत तोच.

यात आपली माणसंही कमी नाहीत. गोव्याचे लोक तर इंग्रजांच्या आगबोटींपासून या कामात आहेत, खानसामे, स्टुअर्ड म्हणून. मुंबईत धोबी तलावाला त्यांचे गावागावांचे 'कूड' होते, एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत राहायला. काही अजून आहेत. गोव्यातली कितीतरी घरं याच नोकरीच्या पैशांनी उभी राहिली. तेव्हा छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली 'इंडिया' दिसलं की लगेच "अरे, आपलाच आहे, सांभाळून घेईल," म्हणून त्याला जास्त राबवू नको. आपलाच आहे तर उलट जास्त मान दे. नावाने हाक मार. आपले काही लोक चुटकी वाजवतात ना, ते बघून मला टेबलाखाली जावंसं वाटायचं.

आता कामाचं सांगते. पहिलं म्हणजे तुझ्या पोराला विचार, की ग्रॅच्युइटी तिकिटाबरोबर आधीच भरली आहे का. आधी भरता येते, आणि ते बरं. दर मधे वाढला तरी सहसा जुन्याच भावात सुटतं, आणि शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही. टूर कंपनीमार्फत जाणार असाल तर त्यांच्या कागदावर 'समाविष्ट नाही' लिहिलेला भाग आधी वाच, 'समाविष्ट' मागाहून वाचलंस तरी चालेल.

दुसरं, दारूच्या बिलावर अठरा-वीस टक्के वेगळे लागतात. तू म्हणशील, आमच्यात कोण पितो? अवं, नातवाच्या कोल्ड्रिंकवरही लागतात, कॉफीच्या दुकानातल्या कॉफीवर लागतात, मालिश करून घेतलीस तर तिथेही लागतात. त्या पावतीवर खाली 'आणखी टिप' अशी रिकामी जागा असते. ती भरायची सक्ती नाही. सरळ रेघ मारून सही कर, कोणी वाईट म्हणत नाही.

आणि आता बोजारा. तो मात्र तुझ्या मर्जीचा. पोराच्या पैशांवर जातोय म्हणून तुला संकोच वाटतो, तू म्हणाली नाहीस तरी मला कळतं. म्हणून नागपूरहून निघायच्या आधी स्वतःच्या पैशांतून थोडे डॉलर बदलून घे, एकाच्या, पाचाच्या नोटा माग, आणि तुझ्या बटव्यात ठेव, जवाईबापूंच्या नको. शेवटच्या संध्याकाळी खोलीवाल्या पोराच्या हातात दहा-वीस डॉलर तू दे. जेवणाच्या हॉलमध्ये कोणी मुकादम रोज तुझ्यासाठी आठवणीने डाळ-भात, बिनकांद्याची भाजी करवून आणत असेल, तर त्यालाही. असं खास जेवण आपोआप येत नाही, बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं लागतं, हे सुनेला आजच कळव. नातवाला ज्या खेळघरात ठेवाल तिथल्या पोरी बऱ्याच वेळा त्या वाटणीत नसतात, त्यांना थोडं दिलं तर चांगलंच. कप्तानाला आणि पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यांना मात्र द्यायचं नसतं, त्यांना ते अपमानाचं वाटतं.

किनाऱ्यावर उतरून गाडी केलीस, तर तो ड्रायव्हर, तो गाइड जहाजाच्या वाटणीतले नाहीत. त्यांचं वेगळं. धक्क्यावर सामान उचलणारा हमालही वेगळा, त्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर.

आणि हो, संत्र्याची बर्फी नेशील ती नातवासाठी ने. वाढप्याला टिपेच्या ऐवजी बर्फीचा डबा द्यायचा, हा तुझा विचार गोड आहे, पण त्याच्या घरी मनिऑर्डर बर्फीची जात नाही. पैसे दे आणि वर बर्फी दे, मग तो तुला विसरणार नाही.

पैशांशिवाय आणखी एक देता येतं आणि त्याला छदाम लागत नाही. प्रवास संपला की कंपनी ईमेलवर अभिप्राय मागते. सुनेला म्हणावं, त्यात त्या पोराचं नाव लिही, खोलीचा नंबर लिही, काय चांगलं केलं ते लिही. पुढचा करार, बढती ठरवताना ही नावं बघतात. त्यासाठी बिल्ल्यावरचं नाव आधीच लिहून ठेव, नाही तर घरी आल्यावर "तो बारीक, हसरा" एवढंच आठवतं.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारी क्रूझ २०२१ पासून चालू आहे, कॉर्डेलिया. तुझ्या जाऊबाई तिकडे जायचं म्हणत होत्या ना, त्यांनाही सांग, तिकिटाच्या हिशेबात ग्रॅच्युइटीची वेगळी ओळ आहे का ते पैसे भरायच्या आधी बघायचं.

शेवटच्या रात्री सगळा हिशेब मिळतो, दारात कागद येतो नाही तर मोबाइलवर दिसतो. तो जवाईबापूंच्या हातात दे, चष्म्यासकट. न प्यायलेली पाण्याची बाटली, न काढलेला फोटो, दोनदा लागलेली कॉफी, हे असं हमखास निघतं. त्यासाठी त्यांना खिडकीवर जाऊन जेवढं भांडायचं तेवढं भांडू दे, पण रात्रीच. सकाळी उतरायच्या वेळी तिथे ही लांब रांग लागते.