उजनी हटू लागते तेव्हा

सोलापूर,
महाशिवरात्रीची आदली संध्याकाळ

चि. ओंकार,

तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. शिवाय फोनवर सांगितलेलं तुझ्या या कानातून त्या कानात जातं, कागद निदान बॅगेत राहील.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून तू महागडी दांडी, रील आणि डबाभर चकचकीत खोटे मासे घेऊन बसलास, आणि मला विचारतोस, "मामा, हायब्रीड स्ट्राइप्ड बास उजनीत कुठल्या बाजूला लागेल?" कुठल्याच बाजूला लागणार नाही, बाबा. तो मासा आपल्याकडे नाहीच. समुद्रातून नदीत चढणारा पट्टेदार बास आणि गोड्या पाण्यातला पांढरा बास यांचा तो संकर. 1960च्या दशकात दक्षिण कॅरोलिनात तो पहिल्यांदा केला गेला. तिथली सरकारी खाती धरणांत त्याची पिल्लं सोडतात, आपल्याकडे रोहू-कटल्याचं बीज सोडतात तसंच. आपल्याकडे हायब्रीड म्हटलं की विकणारा मांगूर पुढे करतो. हा आफ्रिकी मांगूर पाळायला आणि विकायला बंदी आहे. चुकून गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नकोस, देशी माशांची पिल्लं फस्त करतो.

तरी तुझे व्हिडिओ अगदीच वाया गेले असं मी म्हणणार नाही. ती माणसं थंडी सरताना काय करतात ते बघ. आधी बास शोधतच नाहीत. तो ज्या बारीक मासळीवर जगतो ती शोधतात, मग पाणी कुठं उबतंय आणि कुठं वाहतंय ते बघतात, आणि दांडी सगळ्यात शेवटी काढतात. तू सुरुवात दांडीपासून केलीस. उजनीवर चिलापी असो, रोहू असो की मरळ, आधी पाणी बघायचं.

त्यासाठी धरणाचा हिशेब डोक्यात असू दे. उजनी 1980 साली पुरी झाली. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, वापरायचं पाणी साडेत्रेपन्नच्या आसपास. म्हणजे पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असा मथळा पहिल्यांदा येतो तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, निम्म्याहून जास्त पाणी अजून तळाला असतं आणि सगळा मासा त्यातच गोळा झालेला असतो. 2024 साली जानेवारीतच धरण मृतसाठ्यात गेलं आणि जूनपर्यंत वापरायच्या साठ्याच्या उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचलं. तेव्हाही तीस टीएमसीच्या वर पाणी होतं. पुण्याहून येताना पुलावरून भेगाळलेला गाळ बघून "आता काय मासे मिळणार" म्हणणारे पुष्कळ. त्यांच्या मागे लागू नकोस.

माघापासून काठ मागे सरायला लागतो. कालव्याला, बोगद्याला आवर्तन सुटतं, नदीतही पाणी सोडतात. कुगाव, केत्तूर, पलीकडे कुंभारगाव, डिकसळ या बाजूंना जमीन इतकी सपाट की वीतभर पातळी उतरली तरी काठ कितीतरी पावलं आत जातो. पाणी असं भराभर उतरत असलं की मासा उथळात थांबत नाही, भीमेच्या जुन्या पात्राच्या कडेला जाऊन बसतो. आवर्तन बंद झालं, पातळी ठरली, की दोन-चार दिवसांत पुन्हा काठाला येतो. म्हणून यायच्या आधी मला हवामान विचारू नकोस, आवर्तन चालू आहे की बंद ते विचार.

पहाटे चारला उठून काठावर जाऊन बसायची हौस तूर्त आवर. माघात पहाटेचं उथळ पाणी गारठलेलं असतं आणि पाणी 20 अंशांच्या खाली असलं की चिलापी सुस्त पडते, तोंडापुढचा गांडूळसुद्धा घेत नाही. शिवाय उजनीचं पाणी हिरवं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथंच येऊन थांबतं, त्यावर शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे उजाडताना मासा कधी कधी वर येऊन नुसता तोंड उघडत असतो. नवखा माणूस हरखतो, किती मासे! पण श्वासाला महाग झालेला मासा चारा घेत नाही. ऊन चढू दे. सध्या दहा ते चार ही वेळ चांगली, तीही काळ्या मातीच्या उथळ खाडीत, कारण तिथलं पाणी आधी तापतं. दुपारी वारा सुटला की तो ज्या काठावर आदळतो त्या काठाला जा. वरचं कोमट पाणी, शेवाळ, किडे सगळं तिकडं ढकललं जातं, त्यामागे बारीक मासळी येते आणि तिच्यामागे मोठी. वारा तोंडावर येतो, दोरी नीट फेकता येत नाही, म्हणून बहुतेक जण पाठीवर वारा घेऊन आरामात बसतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. चैत्र लागला, पारा चाळीसला टेकला, की हे वेळापत्रक उलटतं. मग सकाळी ऊन कोवळं असताना आणि संध्याकाळी बस, दुपारी झाडाखाली झोप.

बारीक मासळी कुठं आहे हे यंत्रावाचून कळतं. नदी सुरय पाण्यावर एका जागी घिरट्या घालून सूर मारत असेल, पाणकावळे रांगेने एकाच दिशेला बुड्या मारत सरकत असतील, तर खाली थवा आहे असं समज. फ्लेमिंगो मात्र काही सांगत नाही. तो चिखल गाळून खाणारा पक्षी. फोटो काढ आणि पुढे हो.

आता चिलापी. 1952 साली हा परदेशी मासा भारतात आणला आणि आज उजनीच्या जाळ्यांत जास्त तीच येते. पुढच्या महिन्यात ऊन वाढलं की स्वच्छ, गुडघाभर पाण्याच्या काठावर उभा राहा आणि सूर्य पाठीशी घेऊन खाली बघ, पण सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. गाळात परातीएवढे गोल खळगे दिसतील, एकाशेजारी एक. प्रत्येकात एक गडद रंगाचा नर, जागच्या जागी फिरणारा. शेपटीने आणि तोंडाने गाळ उकरून ते घर त्याने केलेलं असतं. खळग्यात काडी पडली तरी तो ती तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. लहान गळाला गांडुळाचा तुकडा लाव, शिसं अगदी हलकं ठेव आणि खळग्याच्या कडेला सोड. भुकेने नाही, पण घरात शिरलेली वस्तू हुसकायला तो धरतोच. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिल्लं होईपर्यंत जवळजवळ काही खात नाही. काढलेल्या चिलापीच्या तोंडातून पिवळसर अंडी किंवा बारीक पिल्लं सांडली तर घाबरू नकोस, तो रोग नव्हे. चिलापी धरताना मी हात आखडत नाही, तूही आखडू नकोस. भिगवणला तळून देतात तशी घरी जमत नाही, ही तुझ्या मामीची कायमची तक्रार.

मरळाचं मात्र वेगळं. मरळ वरची हवा घेतो, म्हणून सापडतो. जलपर्णीच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत टक लावून बस. थोड्या थोड्या वेळाने पाणी फुटल्याचा मऊ आवाज येईल आणि बुडबुडे उठतील. त्या जागेच्या चार हात पलीकडे रबरी बेडूक टाकून सावकाश ओढत आण. (तुझ्या डब्यातल्या सामानात कामाची हीच एक वस्तू. जिवंत बेडूक टोचणारे आहेत, मला ते पटत नाही.) झडप आली की लगेच झटका देऊ नकोस, त्याला बेडूक तोंडात नीट घेऊ दे. पण चैत्र-वैशाखापासून पुढे पाण्यावर नारिंगी-तांबूस बारीक पिल्लांचा गोळा एकत्र वर येताना, एकत्र खाली जाताना दिसला, तर त्याखाली आई-बाप राखण करत असतात. त्यांना उचकवणं सोपं, कारण ते कशावरही धावून येतात. पण तो मोठा मरळ काढलास तर इतर मासे काही वेळातच सगळी पिल्लं खाऊन टाकतात. तिथं गळ टाकू नकोस. उजनीवरचे जुने भोई मरळ, वाम, शिंगटा, आहेर, गुगळी ही नावं हल्ली आठवणीतली माणसं मोजावीत तशी मोजतात.

रोहू-मृगळाला कणकेच्या गोळ्या. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड सहज मिळते, तिचा वास पाण्यात लांबवर जातो. नुसत्या ज्वारीच्या पिठाची गोळी गळावर टिकत नाही, पाण्यात पडताच सुटते. निम्मी कणीक घाल, पेंड भाजून बारीक कर, पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळ आणि ओल्या फडक्यात ठेव. मृगळ तळाला चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात, म्हणून तरंगा सरकवून खोली बदलत राहा. एकाच खोलीवर दिवसभर बसून नशिबाला बोल लावू नये.

मे महिन्यात मासा धरायला नाही आलास तरी चालेल, जागा धरायला ये. पाणी खूप हटलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ, कुगावचा वाडा, बुडालेल्या गावांचे चौथरे, विहिरींचे काठ, जुने रस्ते उघडे पडतात. लोक सेल्फी काढून जातात. तू वही घेऊन फीर. कुठल्या टेकाडापासून किती अंतरावर भिंत आहे, विहीर कुठल्या झाडाच्या रेषेत आहे, ओढ्याची कडा कुठं तुटते, सगळं लिहून ठेव. पुढच्या माघात त्यावर पाणी असेल आणि मासा नेमका तिथंच आडोशाला असेल. तुझ्या त्या अमेरिकनांकडे तळ दाखवणारी यंत्रं असतात. आपल्याला उजनी दरसाल तळ फुकट उघडून दाखवते, पण बघायला कुणी जात नाही.

त्याच दिवसांत शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, पाण्यापर्यंत चाऱ्या खणतात. चारीत पाणी खोल आणि गार, मासा तिथं येतो. पण चारी शेतकऱ्याची, पाइप त्याचा, मोटार त्याची. विचारल्याशिवाय गळ टाकू नकोस. आणि काठावर पडलेल्या वायरी ओलांडताना जपून. ओल्या चिखलात सोललेली केबल दिसत नाही. गाळ वरून वाळलेला आणि आत कमरेएवढा मऊ असतो, म्हणून काठी टेकवूनच पाऊल टाक.

भोई मंडळींशी अदबीने वाग. आपली ती हौस, त्यांचं ते पोट. त्यांच्या जाळ्याच्या बुचांपासून लांब बस, आणि तुझा गळ जाळ्यात अडकलाच तर जाळं कापायचं नाही, दोरी कापायची. परवान्याचं मत्स्यव्यवसाय विभागात विचारून घे. लहान तलाव बहुतेक सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथं संस्थेच्या माणसाला विचारल्याखेरीज बसू नये. धरणाच्या भिंतीखाली, पाणी सुटतं तिथं मासा गोळा होतो हे खरं, पण तिकडं जायचं नाही. वडाप म्हणजे बारीक आसाचं जाळं ओढणारे बोटाएवढी पिल्लं पाटीने काढतात, त्यांना तू काही थांबवू शकणार नाहीस. तुझ्या हाताला आलेलं वीतभर रोहूचं पोर मात्र हात ओला करून सोडून दे.

शेवटचं, आणि यात घासाघीस नाही. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. वळवाचा वारा उजनीवर काही मिनिटांत येतो आणि एवढ्या रुंद पाण्यात लाट उभी राहते. पश्चिमेला काळं दिसलं की मासा गळाला असला तरी दोरी कापून काठ सोड, दांडी आडवी धर, झाडाखाली थांबू नकोस. होडीत बसणार असशील तर लाइफ जॅकेट तुझं तू विकत घे. त्या दांडीच्या निम्म्या किमतीत येतं. ते नसेल तर होळीला ये, पुरणपोळी खा आणि परत जा. उजनीवर मी तुला नेणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा