स्वमग्न बालकाचा गणवेश

प्रार्थना संपून मुले वर्गात बसतात न बसतात तोच एखादे मूल सदऱ्याची कॉलर ओढू लागते. थोड्या वेळाने गुंड्या तोडते, पायमोजे भिरकावते आणि कधी कधी सर्वांसमक्ष सदराच काढून टाकते. वर्ग हसतो. शिक्षक रागावतात. पालकांना बोलावणे जाते, आणि दोनचार वेळा असे झाले की ते मूल शाळेत यावयाचे थांबते. हजेरीपटावर त्याचे नाव राहते, पण जागा रिकामी होते. हा हट्ट आहे, मुलाला वळण नाही, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मूल स्वमग्न असेल तर हा समज बहुधा चुकीचा ठरतो. त्याच्या अंगावरील कापड त्याला खरोखरीच दुखवीत असते, आणि ते सांगण्यास त्याच्याजवळ शब्द नसतात.

स्वमग्नता या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. इतरांशी संवाद साधण्यात अडचण, तोच तोपणाची ओढ, त्याच त्या हालचाली, ही लक्षणे तेव्हापासून सांगितली जातात. परंतु स्पर्श, ध्वनी, गंध, प्रकाश यांची जाणीव अशा मुलांना इतरांहून फार तीव्र किंवा फार मंद असू शकते, या गोष्टीला निदानाच्या अमेरिकन निकषांत २०१३ साली स्पष्ट स्थान मिळाले. आपणांस अंगावरचा सदरा घातल्यावर घटकाभराने जाणवेनासा होतो. मेंदू ती खबर बाजूला सारतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत पुष्कळदा ती खबर दिवसभर येतच राहते.

स्वतः स्वमग्न असलेल्या व अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झालेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी आपल्या बालपणाविषयी जे लिहिले आहे ते या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आठवडाभर विजार घालावयाची आणि रविवारी चर्चला जाताना एकदम झगा व खरखरीत पेटीकोट, हा बदल त्यांना असह्य होई. नव्या आतल्या कपड्याची सवय होण्यास आपणांस मोठेपणीही तीनचार दिवस लागतात, असेही त्यांनी नमूद केले आहे. मूल बंडखोर नव्हते. रविवारचे कापड निराळे होते, इतकेच.

हा विषय परदेशी दुकानांच्या जाहिरातींतून समजून घेण्यापेक्षा आपल्यासारखेच एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवून समजून घेणे बरे. गोराईचे उदाहरण घेऊ. हे गाव मुंबई उपनगर जिल्ह्यात असल्यामुळे कोणत्याही जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात येत नाही; तेथील कारभार बृहन्मुंबई महानगरपालिकेचा. पण अर्नाळा, सातपाटी येथील शिक्षकास तेथे काहीच परके वाटणार नाही. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास मनोरीची खाडी, कोळी व ईस्ट इंडियन समाजाची वस्ती, भाजीचे मळे, मासळीचा वास. बोरिवलीस जावयाचे तर होडीने खाडी ओलांडावी, नाही तर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घ्यावा. इस्पितळ, तज्ज्ञ, मोठी दुकाने सर्व पलीकडे. तेव्हा मुलाच्या कपड्यासंबंधी जे काही करावयाचे ते गावच्या शिंप्याकडूनच करवून घेतले पाहिजे, आणि ते होण्यासारखे आहे.

प्रथम हवेचा विचार करू. किनाऱ्यावर बारा महिने दमटपणा. घाम वाळत नाही. टेरिकॉटसारखे मिश्र धाग्याचे कापड टिकाऊ व स्वस्त म्हणून गणवेशासाठी निवडतात. त्याला इस्त्री लागत नाही हेही खरे. परंतु ते घाम पुरेसा शोषीत नाही, आणि ओले कापड पाठीला चिकटले की स्वमग्न मूल हैराण होते. त्याच रंगाचे सुती कापड मिळत असेल तर अशा मुलापुरते ते घ्यावे. दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी खारे होते. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही. त्याचा चोथा व मीठ धाग्यांत राहून कापड वाळल्यावर कडक होते. शेवटची एक खळबळणी गोड्या पाण्यात केली तर फरक पडतो. कांजी वा खळ मुळीच घालू नये. कडक इस्त्रीचा टापटीप गणवेश पाहून आपणांस समाधान वाटते. पण ते समाधान आपले असते, मुलाचे नव्हे.

आपल्या घरांतून ही जाण पूर्वीपासून आहे. तान्ह्या बाळाचे झबले आजी नव्या कापडाचे शिवीत नाही. जुने, धुवट लुगडे किंवा धोतर काढते, गुंड्यांऐवजी बंद लावते. नवे कापड बाळाला बोचेल, हे तिला कोणी शिकविलेले नसते. जे सहा महिन्यांच्या बाळाबाबत आपण सहज मान्य करतो, तेच आठ वर्षांच्या मुलाबाबत मान्य करणे आपल्याला जड जाते.

कपड्यात नेमके काय बोचते हे शोधणे हे शिक्षकाचे काम आहे. मूल कोठे ओढते, कोठे खाजविते, कोणता कपडा आपण होऊन घालते, हे आठवडाभर टिपून ठेवावे व आईला विचारावे. घरी ते एकाच जुन्या बनियनमध्ये राहते, असे पुष्कळदा कळते. मग ते बनियनच सदऱ्याखाली घालू द्यावे. कॉलरीच्या आतील लेबल हा नेहमीचा शत्रू. ते कात्रीने कापू नये, कारण शिवणीत अडकलेली कडा राहते व ती मूळ लेबलापेक्षा अधिक टोचते. शिवण उसवून लेबल मुळासकट काढावे आणि शिवण पुन्हा घालावी. बगलेतील व विजारीच्या आतील जाड शिवणी शिंप्याकडून दाबून सपाट करून घ्याव्यात, किंवा आतून मऊ जुन्या कापडाची पट्टी लावावी. पायमोज्यांची बोटांवर येणारी शिवण काही मुलांना चालवू देत नाही. मोजा उलटा करून घातला की ती बाहेर जाते. नाही तर मोज्यांचा आग्रहच सोडावा.

अमेरिकेतील टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने २०१७ साली अशा मुलांसाठी लेबलरहित, सपाट शिवणीचे कपडे विक्रीस आणले. आपल्याकडेही कोलकात्याच्या झेनिका यांसारखे काही लहान उद्योग अपंग व्यक्तींच्या गरजांप्रमाणे कपडे शिवतात. हे स्वागतार्ह आहे. तथापि वर सांगितलेली कामे सुई, दोरा व एक तास एवढ्यात होतात. महागड्या कपड्यांची यादी पालकांच्या हातात देऊन त्यांना निराश करण्याचे कारण नाही.

आता गुंड्या, नाड्या व पट्टे यांकडे वळू. पुष्कळ स्वमग्न मुलांना बोटांच्या सूक्ष्म हालचाली कठीण जातात. नाडीची निरगाठ सुटत नाही म्हणून शौचालयात पोहोचूनही विजार ओली होते, आणि मग शाळेत त्या मुलाला जे नाव पडते ते वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून विजारीला नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक असावे. सदऱ्यासाठी एक साधी युक्ती आहे. गुंड्या वरच्या पट्टीवर दिसण्यापुरत्या कायम शिवून टाकाव्यात आणि आत टिचबटणे लावावीत. सदरा इतर मुलांच्या सदऱ्यासारखाच दिसतो, पण ओढल्याबरोबर उघडतो. इतरांसारखे दिसण्याला फार महत्त्व आहे. वेगळ्या कपड्याने मुलाला वेगळे काढले तर एक दुःख घालवून दुसरे दिले असे होईल.

वेल्क्रोविषयी दोन शब्द. आघाड्याची फळे धोतराला किंवा लुगड्याच्या ओच्याला चिकटतात हे आपण सारे जाणतो. अशाच एका चिकट्या फळाचे आकडे भिंगाखाली पाहून स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्ट्राल यांना ही कल्पना सुचली. (वनस्पतींच्या बीजप्रसाराच्या पाठात हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.) शारीरिक अपंगत्व असणाऱ्या मुलांना वेल्क्रो मोठा उपकारक आहे. मात्र स्वमग्न मुलासाठी तो डोळे मिटून लावू नये. उघडताना होणारा त्याचा फाडल्यासारखा आवाज काही मुलांना सहन होत नाही, आणि खरखरीत बाजू कातडीला लागली तर मूळ त्रास परत येतो. आधी बुटाच्या पट्ट्यावर करून पाहावे व मग ठरवावे.

कपडा सोपा केला तरी तो घालावयास शिकविले पाहिजे. येथे अध्यापनाची एक उलटी रीत उपयोगी पडते. सदरा घालण्याच्या सर्व क्रिया मोठ्या माणसाने कराव्यात आणि फक्त शेवटची, म्हणजे शेवटचे बटण दाबण्याची, मुलाकडून करून घ्यावी. ती जमली की शेवटच्या दोन क्रिया मुलाकडे द्याव्यात. असे मागे मागे यावे. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते. पहिल्या क्रियेपासून आरंभ केला तर मूल अर्ध्यातच थकते आणि पूर्णतेचा आनंद त्याला कधीच मिळत नाही. क्रियांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत. बोलण्यापेक्षा चित्र अशा मुलांना लवकर कळते.

काही मुलांचे याच्या अगदी उलट असते. त्यांना घट्ट कपडा, जड पांघरूण हवे असते; गोधडीच्या घडीखाली ती शांत होतात, वैशाखातही स्वेटर सोडीत नाहीत. घट्ट बनियन हवे असेल तर द्यावे, पण अंगाला वळ उठत नाहीत ना, उष्म्याने मूल कोमेजत नाही ना, हे पाहावे. कारण आपल्याला उकडते आहे हे अशा मुलाला वेळेवर कळतही नाही. वजने शिवलेली जाकिटे घातल्याने मूल एका जागी बसते, असे सांगणारे भेटतील. त्याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. व्यवसायोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून शिक्षकांनी तसला प्रयोग मुळीच करू नये.

गणवेशाच्या नियमाचा प्रश्न शेवटी मुख्याध्यापकांपुढे येतोच. २०२४-२५ या वर्षी राज्यात सर्वांना एकाच प्रकारचा गणवेश पुरविण्याची योजना झाली. त्यात एक नियमित व एक स्काउट-गाईड धर्तीचा असे दोन गणवेश होते. पुढे गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. ही गोष्ट आपल्या दृष्टीने इष्ट आहे, कारण कापड व शिंपी ठरविताना समितीला एका मुलाचाही विचार करता येतो. आठवड्यातून काही वार निराळा पोशाख ठेवणाऱ्या शाळांनी ग्रँडिन यांचा रविवार आठवावा आणि त्या मुलाला सर्व वार एकच गणवेश घालू द्यावा. शक्य तर एकाच कापडाचे दोन जोड करून ते जूनपूर्वीच घरी द्यावेत. तेथे ते चारपाच वेळा धुतले जावेत, उशाशी ठेवले जावेत, प्रथम दहा मिनिटे, मग तासभर घातले जावेत. १५ ऑगस्टच्या सकाळी कोरा गणवेश एकदम अंगावर चढविणे म्हणजे झेंडावंदनाच्या वेळी रडारड ओढवून घेणे होय.

ही सवलत देणे हा कोणाच्या दयेचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांमध्ये विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय व्हावी, असे त्याचे सोळावे कलम सांगते. लेबल नसलेला, इलॅस्टिकचा, सुती गणवेश ही अशीच एक सोय आहे. मुलाचे निदान झाले नसेल तर समग्र शिक्षा कार्यक्रमातील विशेष शिक्षकांमार्फत पालकांना तपासणीकडे पाठवावे. पण लेबल उसविण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

किनाऱ्यावरील शाळांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत निकडीची. पुष्कळ स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, आणि ती न सांगता निघून जातात. गोराईसारख्या गावात शाळेपासून खाडी किती अंतरावर असणार! हाक मारली तरी अशी मुले ओ देतीलच असे नाही, सापडली तरी आपले नाव सांगतीलच असे नाही. म्हणून घरचे कपडे तरी भडक, दुरून दिसणाऱ्या रंगाचे असावेत. होडीने जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत जीवरक्षक जाकिटाला मात्र सवलत नाही. त्याचे पट्टे, त्याचा फुगीरपणा मुलाला नकोसा वाटेल. तेव्हा प्रवासाच्या आधी काही दिवस ते घरी आणून, खेळात, सुती सदऱ्यावर थोडा थोडा वेळ घालण्याचा सराव करवावा. धक्क्यावर उभे राहून, होडी सुटण्याच्या घाईत ते पहिल्यांदा अंगावर चढविण्याचा प्रयत्न करू नये.

ओळखपत्र गळ्यात अडकविले तर अशी मुले बहुधा पहिल्या तासाच्या आतच ते काढून टाकतात. त्याऐवजी मुलाचे नाव व पालकांचा दूरध्वनी क्रमांक सदऱ्याच्या खालच्या दुमडीवर आतून, कापडावर न पुसणाऱ्या शाईने लिहावा. वेगळी चिंधी शिवू नये, ती पुन्हा टोचते. पावसाळ्यातील धुण्याने ही शाई फिकी पडते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती एकदा पाहून घ्यावी.