सर्किट बोर्डातील चूक : कारखान्याची की आराखड्याची?

बिघडलेला रेडिओ उघडून पाहिल्यास आत तांब्याच्या बारीक पट्ट्या असलेली एक पाटी दिसते. हाच छापील सर्किट बोर्ड होय. सुमारे १९३६ साली पॉल आइस्लर या अभियंत्याने लंडनमध्ये असा बोर्ड वापरून रेडिओ तयार केला. आज आपण संगणकावर आराखडा काढून कारखान्याकडून हवा तसा बोर्ड बनवून घेऊ शकतो. पण आलेला बोर्ड बिनचूक आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम बोर्ड कसा बनतो ते पाहू या. काचतंतू व इपॉक्सी रेझिन यांच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्याची जाडी साधारणपणे ३५ मायक्रोमीटर असते. साध्या पद्धतीत, हव्या असलेल्या पट्ट्यांवर संरक्षक लेप देतात व उरलेले तांबे फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात विरघळवतात. लेपावर ओरखडा पडला, तर तेथील तांबे जाऊन पट्टी तुटते. नको तेथे लेप राहिला, तर तांबे शिल्लक राहून शेजारच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात, म्हणजेच ‘शॉर्ट’ होतो.

हे दोन्ही दोष मल्टिमीटरने सापडतात. वीजपुरवठा न जोडता, सुटे भाग बसवण्यापूर्वी तपासावे. पट्टीच्या दोन टोकांमध्ये मीटर वाजला पाहिजे. धन पट्टी व ऋण पट्टी यांच्यामध्ये तो वाजता कामा नये.

परंतु तिसरा दोष मीटरला चकवतो. समजा, एक पट्टी १० सेंमी लांब व ०.५ मिमी रुंद आहे. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरल्यास, रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ, या सूत्राने तिचा रोध सुमारे ०.०९७ ओहम येतो. आता या पट्टीचा केवळ १ मिमी भाग कुरतडला जाऊन ०.०५ मिमी रुंद उरला, तर एकूण रोध जेमतेम ०.१०६ ओहम होईल. हा फरक साध्या मीटरवर कळत नाही. मात्र त्या एका मिलिमीटरचा रोध दहापट झालेला असतो. म्हणून तेवढ्याच विद्युतधारेने तेथे दहापट उष्णता निर्माण होते! यासाठी मीटरबरोबर भिंगही हवे.

आता चूक कोणाची? समजा, एकाच आराखड्याचे पाच बोर्ड आले. दोष एकाच बोर्डात असेल, तर तो बहुधा निर्मितीतला. पाचही बोर्डांत त्याच जागी असेल, तर आधी आपला आराखडा पाहावा. तेथेही तो दिसला, तर कारखान्याने आपण सांगितले तेच केले आहे. आराखडा बरोबर असेल, तर छायाचित्र, जागा व मोजमाप कळवून बोर्ड बदलून मागावेत. हे सर्व डाख देण्यापूर्वीच करावे. नंतर शॉर्ट तांब्याचा की आपल्या डाखाचा, हे सिद्ध करणे कठीण जाते.

सोडवून पहा : २० सेंमी लांब, ०.२५ मिमी रुंद व ३५ मायक्रोमीटर जाड पट्टीचा रोध किती? (उत्तर : सुमारे ०.३९ ओहम)